धुराची झडप

सोमवार

हे गाडीखाली आडवे पडलेले असायचे आणि मी वर त्यांच्या जागेवर. खालून आवाज यायचा, दाब. मी क्लच दाबायचे. सोड. मी सोडायचे. त्याआधी दार झाडून झालेलं असायचं, सासूबाईंना गरम पाणी दिलेलं असायचं, दूध तापवून उतरवलेलं असायचं. पीठ मळताना हाक आली तर तशाच हातांनी वर चढायचे. स्टिअरिंगला पीठ लागलं की हे म्हणायचे, गाडीला न्याहारी भरवलीस वाटतं. मग हवेच्या टाकीतलं पाणी सोडायचं, चाकांवर लोखंडी दांडा आपटून आवाज ऐकायचा आणि सगळ्यात शेवटी झडप. इंजिन चालू, स्विच खाली, माझे दोन्ही पाय वर, आणि खालून खट्. तो खट् ऐकला की हे बाहेर यायचे, पाठ झटकायचे आणि चहा मागायचे.

कुठल्या दिवसाची ही आठवण ते सांगता येणार नाही. सगळे दिवस असेच होते. आज ती सारखी येते आहे, कारण आज भावजी गाडी घेऊन आले तेव्हा मागच्या चाकांतून धूर निघत होता.

हे गेल्यापासून भावजीच गाडी चालवतात; खाणीचं काम मात्र आजच धरलं. वर डोंगरात खाण आहे. तिथे दगड भरायचा आणि लांब उतारावरून खाली आणून टाकायचा. अशा उतारावर भरलेली गाडी नुसत्या पायाच्या ब्रेकवर आणली तर ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. त्यासाठी ती झडप. इंजिनातला धूर ज्या नळीने बाहेर पडतो त्या नळीत एक गोल झाकण असतं. स्विच दिला की हवेच्या जोराने ते मिटतं, धूर कोंडतो, आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. एवढं यांनी शिकवलं. बाकीचं मी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बोट ठेवून ठेवून वाचलं. शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांवर. त्यामुळे माझ्या वाचनाला सुरुवात नसायची आणि शेवटही नसायचा, मधलंच काहीतरी असायचं.

भावजी म्हणाले, झडप धरत नाही. मी विचारलं, स्विच दिला होतात ना? ते म्हणाले, "वहिनी, मी काय आज गाडीवर बसलोय?"

आज बसले नाहीत. पण हे चालवत होते तेव्हा चाकांतून कधी धूर आला नाही. मी तोंडावर बोलले नाही. इथे लिहिते.

मंगळवार

गाड्यांची वायरिंग करतो त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण पक्कड कायम त्याच्या दातांत असते. बोलायचं असलं की ती काढून कानावर ठेवतो. भावजी खाणीतून परत आले तेव्हा दिवस बुडाला होता. तशीच गाडी त्याच्या दुकानावर नेली. गाडी आत मावत नाही, म्हणून ती रस्त्यावरच उभी केली, आणि मागून कोणी येऊन धडकू नये म्हणून तिचे दिवे लावून ठेवले.

पक्कडने बल्बला जोडलेल्या दोन तारा इथे तिथे टेकवल्या. मला समजावून सांगितलं, जसं लहान मुलाला सांगतात. ताई, करंट डॅशमधून निघतो, स्विचमध्ये येतो, तिथून ॲक्सिलरेटरपाशी, तिथून क्लचपाशी, आणि मग खाली झडपेच्या हवेच्या व्हॉल्व्हकडे. दोन्ही पाय वर असतील तरच करंट पुढे जातो. एक जरी पाय टेकला तरी तुटतो. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्याने ऐकलं नाही.

मग मी वर बसले, पाय उचलले, आणि खाली खट् झालं. पुन्हा केलं, पुन्हा खट्. पक्कडने पक्कड कानावर ठेवली आणि भावजींकडे बघून हसला. तरीही त्याने क्लचपाशी नवा स्विच बसवला, मनाची खात्री म्हणून.



गुरुवार

पुन्हा धूर. दाराशी गाडी थांबली तेव्हा जळका वास घरात आला आणि सासूबाईंनी विचारलं, दूध लागलं का गं.

मी पक्कडकडे गेले. तो म्हणाला, माझं काम चोख आहे, तुमच्या डोळ्यांदेखत चाललं. मग जरा जवळ येऊन म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमच्या दिरांचा पाय क्लचवरून उठत नसणार. बऱ्याच ड्रायव्हरांना सवय असते, डावा पाय पायदानावर ठेवायच्या ऐवजी क्लचवर ठेवतात. पाय टेकला की झडप सुटली. वायरिंगला बोल लावून काय उपयोग?"

हे मला पटलं. पटलं याचाच राग आला. यांनी सगळं आयुष्य ती गाडी जपली, आणि हा माणूस तिच्यात पाय पसरून बसतो. त्यांची गादीसुद्धा सीटवरून काढून टाकली आहे. मी परवा पाहिलं, हा उघड्या सीटवर बसतो, पण भावाच्या गादीवर बसत नाही.

शनिवार

भावजी आज म्हणाले की बोगद्यात झडप धरली. उताराच्या मध्यावर एक बोगदा आहे. तिथे दिवे लावून आत शिरलो, स्विच दिला आणि गाडी एकदम रुसल्यासारखी मागे ओढली गेली, म्हणाले. बाहेर पडलो, दिवे मालवले, आणि पुन्हा मोकळी सुटली. त्यांचा तर्क असा की आत गारवा असतो. उन्हाने कुठेतरी काहीतरी फुगत असावं.

मी म्हटलं, म्हणजे गाडीला ऊन लागतं. टोपी शिवून देते.

सासूबाई हसल्या. भावजी हसले नाहीत. सासूबाईंची डोळ्यांत घालायची औषधाची बाटली संपली होती ती त्यांनी न सांगता आणून ठेवली. मला विचारायचं तरी होतं. माझ्या घरात काय संपलं ते मला कळतं.

सोमवार

आज खाणीच्या फाटकावर नवा नियम लागला. आमच्याच गाडीचा धूर कोणीतरी पाहिला आणि वर सांगितलं. फाटकावरचा माणूस आता प्रत्येक गाडीला थांबवतो, इंजिन चालू ठेवायला सांगतो, आणि स्वतः वाकून झडप ऐकतो. खट् नाही तर दगड नाही. आमची गाडी रिकामी परत आली. तो म्हणाला, अजून एकदा अशी आलात तर नाव कापीन.

तो माणूस बरोबर आहे आणि म्हणून मला त्याचा जास्त राग येतो. त्याच्याशी भांडायलासुद्धा जागा नाही. नाव कापलं तर गाडी दारात उभी राहील. दारात उभी राहिलेली गाडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. आधी टायर जातात, मग बॅटरी, मग लोक विचारायला लागतात. शेजारीण आजच म्हणाली, बाई, विकून टाक, बायकांचं काम नव्हे ते. मी विचारलं, शिवणयंत्र विकायला सांगायला तुझ्याकडे कोणी आलं होतं का, तुझा नवरा गेला तेव्हा? बोलून गेले. तिने तोंड फिरवलं. फिरवू दे.

संध्याकाळी पुन्हा पक्कडकडे. पुन्हा रस्त्यावर, पुन्हा दिवे लावून. पुन्हा खट्. या वेळी त्याने झडपेचा हवेचा व्हॉल्व्हच बदलला. मी पुस्तक बरोबर नेलं होतं. त्यातल्या चित्रावरून एकेक तार बोटाने मोजून पाहिली. सगळ्या जागच्या जागी होत्या. पक्कड म्हणाला, "पुस्तक घरी ठेवा ताई, दिरांचा पाय बघा."

मंगळवार

मी आज भावजींच्या शेजारी बसून खाणीवर गेले. त्यांचा डावा पाय बघायला गेले हे त्यांना कळलं असणार. सगळा चढ पाय पायदानावर, क्लचपासून हातभर दूर, जसा फोटोत ठेवतात तसा.

फाटकावर रांग होती. आमची पाळी आली. ऊन डोक्यावर. इंजिन चालू, स्विच खाली. मी खाली वाकून त्यांचे दोन्ही पाय पाहिले. दोन्ही वर. खट् झालं नाही. फाटकावरच्या माणसाने मान हलवली.

आणि मी तिथे, सगळ्यांसमोर, जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, काल संध्याकाळी चालत होती. रात्रभर गाडी तुमच्या खोलीपाशी, तुमच्या ताब्यात. सकाळी मरते. तारा कोण काढतं ते मला कळायला हवं. गाडी बंद पाडायची आणि मग स्वस्तात गिळायची असा बेत असेल तर आत्ताच सांगा.

मागच्या गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवायचे थांबवले. भावजींनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "दादाची गाडी आहे, वहिनी. मी कशाला." वाक्य पुरं केलं नाही. उतरले आणि उताराकडे चालत निघाले, पायी.

फाटकावरचा माणूसच गाडी बाजूला घ्यायला चढला. मग त्याने त्याच्या एका ड्रायव्हरला सांगून रिकामी गाडी घरी पोचवली. मी निघताना त्याने विचारलं, ताई, पाणी हवं का. मी नको म्हटलं. तहान लागली होती तरी नको म्हटलं.

गुरुवार

भावजी आले नाहीत. काल नाही, आज नाही. त्यांच्या खोलीवर आहेत असं कळलं.

सासूबाईंनी विचारलं, धाकटा कुठे आहे? मी सांगितलं, कामात आहे. त्या म्हणाल्या, "मला कमी दिसतं, अगं, कमी कळत नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

गाडी दारात आहे. मी सगळं घर धुऊन काढलं. भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. वाचायला घेतलं तर एकाच ओळीवर बोट राहिलं.

शुक्रवार

आज भर दुपारी पक्कडला घरी बोलावलं. तो म्हणाला, दुपारी माझं जेवण असतं. मी म्हटलं, इथे जेवा. तेव्हा आला.

गाडी दारात, उन्हात. मी वर बसले, तो खाली. स्विच दिला, पाय उचलले. काही नाही. पुन्हा. काही नाही. पक्कडने पक्कड दातांतून काढली. पहिल्यांदाच कानावर ठेवायला विसरला. तो वर चढला, स्विच उघडला आणि जिथून करंट येतो तिथेच बल्ब टेकवला. बल्ब पेटला नाही. म्हणाला, तार इथेच मेलेली आहे. सोमवारी जिवंत होती ताई, शपथेवर सांगतो, मी याच जागी टेकवला होता. शपथा नकोत, मी म्हटलं. भावजी मंगळवारपासून या गाडीकडे फिरकले नाहीत, तेव्हा आता त्यांच्यावर ढकलता येणार नाही, हे त्याच्याही लक्षात आलं.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आमचं चाललेलं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, गाडी बिघडली असेल तर दिवे लावून बघा. माझा लेक तर भर उन्हातही दिवे लावून निघायचा. मी डॅशवर डोकं ठेवून बसले होते. म्हटलं, सासूबाई, दिव्यांचा काय संबंध? त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नव्हता तो लावत. मला दुरून गाडी ओळखू येत नाही. दोन दिवे दिसले की कळायचं, माझाच येतोय. म्हणून लावायचा."

पक्कडने माझ्याकडे पाहिलं आणि दिव्यांचं बटण ओढलं. बल्ब पेटला. खाली खट् झालं.

त्याने दिवे घालवले, बल्ब विझला. लावले, पेटला. लहान मूल करतं तसं त्याने पाच-सहा वेळा केलं.

मग त्याने डॅशची फळी खोलली. आत खोल, दिव्यांच्या तारेवर झडपेची तार चढवलेली होती. पुस्तकात ती किल्लीकडून येते. पुस्तकात आमची गाडी नव्हतीच. पक्कड म्हणाला, हा जोड माझा नाही. कधीतरी वाटेत फ्यूज उडाला असेल, मालक एकटे असतील, हाताला आली ती जिवंत तार धरली असेल. तात्पुरती. पुढे काय होतं ते सगळ्या ड्रायव्हरांना आणि सगळ्या वायरमनना ठाऊक असतं. तात्पुरतं तेच कायमचं होतं.

जोडाला चिकटपट्टी नव्हती. कापडाची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधली होती. निळी बारीक फुलं. माझ्या उशीचा अभ्रा. तो हरवला म्हणून मी सासूबाईंशी दोन दिवस बोलले नव्हते.

काढलेली फळी ठेवायला माझा हात सीटमागे गेला. तिथे यांची गादी होती, प्लास्टिकमध्ये घालून, वरून दोरी बांधून.

पक्कड न जेवता निघाला. मी त्याला परत बसवलं आणि वाढलं. त्याने मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

त्याच दिवशी, नंतर

मला राग आला आहे आणि तो कोणावर ते आता कळलं आहे, म्हणून लिहिते.

रोज सकाळी मला वर बसवायचात. दाब, सोड. अंधारातच असायचं ते सगळं, दिवे लागलेलेच असायचे, मग कळणार तरी कसं. मी तुमचा पाय होते. पायाला कोण सांगतं, तार कुठे गेली आहे ते? एका वाक्याचं काम होतं. दिवे लावल्याशिवाय झडप चालत नाही. पीठ लागलेल्या हातांनी मी ते लक्षात ठेवलं असतं. पुस्तकात लिहून ठेवलं असतं. भावाला सांगायचं होतं. तो त्या उतारावर भरलेली गाडी घेऊन जळत्या चाकांवर चार वेळा खाली आला, आणि मी त्याच्या पायाकडे बघत होते.

छातीत कळ आली आणि गेलास. मान्य. त्याआधीची वर्षं कुठे गेली होती? सगळं आपल्याच हातात ठेवायचं, आपल्याच सवयीत ठेवायचं, आणि हात घेऊन निघून जायचं. लोक म्हणतात, किती सांभाळून चालवायचा. हो, सांभाळून. तू होतास तोवर.

आत्ता पाहिलं, वर मी तू लिहिलं आहे. संसारात कधी तू म्हटलं नाही. खोडणार नाही.

रविवार

सकाळी भावजींच्या खोलीवर गेले. ते दार अर्धं उघडून उभे राहिले. मी काय सांगायचं ते वाटेत नीट ठरवलं होतं, आणि तिथे गेल्यावर म्हटलं, जेवायला चला. ते म्हणाले, मला भूक नाही. मी म्हटलं, मलाही नाही, चला.

गाडीपाशी आल्यावर मी त्यांना वर बसवलं आणि दाखवलं. दिवे घालवले, दिवे लावले. त्यांनी डॅशमध्ये डोकं घातलं. ती चिंधी पाहिली. बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही. बाहेर आले तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाले, धूळ फार आहे आत.

मग म्हणाले, राहू दे असंच, वहिनी. मी दिवे लावत जाईन. दादाच्या हातचं आहे, आणि आईलाही बरं वाटेल.

मी म्हटलं, तुम्ही लावाल. उद्या तुम्हाला ताप आला आणि दुसरा कोणी बसला, तर तो लावेल का? दिव्याचा फ्यूज उतारावर उडाला, तर? म्हणजे मी पुन्हा दारात उभी राहून वास घेत बसू?

ते म्हणाले, तुम्हाला तोडवेल का ते?

सासूबाईंना आम्ही तारेचं काही सांगितलेलं नाही. लेक आपल्यासाठी दिवे लावायचा असं त्यांना वाटतं. लावतही असेल. दोन कारणं असू शकतात. हे मी रागातच लिहिते आहे, पण खरं आहे.

जेवताना भावजींनी दोनदा भाजी मागून घेतली. त्या दिवशी फाटकावर जे बोलले ते मला परत घेता आलं नाही. ताट उचलताना म्हटलं, गादी काढा ती, उघड्या सीटवर पाठ दुखेल. ते म्हणाले, दादाची आहे, मळेल. मी म्हटलं, मळू दे. धुता येते.

मंगळवार

काल सकाळी पक्कड आला तेव्हा मी त्याला खाली उभं राहायला सांगितलं आणि त्याच्या पकडीने ती तार मीच कापली. चिंधीसकट. नवी तार किल्लीच्या बाजूला जोडली. जोड त्याने दाखवला, पिरगाळला मी, चिकटपट्टी मी लावली. चित्रात जशी आहे तशीच. मग भर उन्हात, दिवे बंद ठेवून, पाय उचलले आणि खट् ऐकला. फाटकावरच्या माणसानेही वाकून ऐकला, आणि माझ्याकडे न बघता हात हलवून आम्हाला आत सोडलं. मी भावजींसमोर त्याला सांगितलं की त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं. तो म्हणाला, मला काय करायचंय ताई, मी आवाज ऐकतो. रांगेतल्या दोघातिघांनी मात्र ऐकलं.

दगड भरला. मी भावजींच्या शेजारी बसून उतारावरून खाली आले. बोगदा लागला तेव्हा त्यांनी दिवे लावले. बाहेर पडल्यावर त्यांचा हात बटणाकडे गेला नाही. मी हात लांब करून दिवे घालवले. झडप धरूनच होती.